मुलांची जिम, आज्जीची भीती आणि अंड्याचा प्रश्न



महिला मंडळात स्वाध्याय संपला की पूर्वी पापडाच्या पिठाचे प्रमाण विचारले जायचे, हल्ली जिमची फी विचारली जाते. आठवी-नववीतल्या मुलांच्या आयांचा एकच सूर असतो. "ऐकतच नाही हो. सगळे मित्र जातात, मलाही बॉडी करायची म्हणतो." आमच्या घरी धाकट्याने चौदावे लागल्यावर हाच हट्ट धरला. सासूबाई म्हणाल्या, "वजनं उचललीस तर उंची खुंटेल, पोरा." जिममधले सर म्हणाले, "काकू, अंड्याशिवाय काही होत नाही बघा." दोन्हीकडून धास्ती. महिनाभर मी वाचले, आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारले, आणि मग आम्ही काय ठरवले ते इथे लिहिते आहे.

आधी उंचीचे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथून हाड लांब होते. मुलींमध्ये त्या साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठराच्या सुमारास भरून येतात. वजनाच्या ओझ्याने त्या दबतात अशी आपल्याकडची समजूत. पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते असे कुठे दिसून आलेले नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये हा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आणि हिताचा असल्याचे सांगितले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी तासभर हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम सुचवले. सासूबाईंना मी एवढेच म्हटले, "आई, तुम्ही तेराव्या वर्षी विहिरीवरून डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी आणत होता. वीस किलो तरी असेल. तेव्हा कुणी उंचीचे विचारले होते का?" त्या हसल्या. पटले असे मात्र म्हणाल्या नाहीत.

पण वजनाचा व्यायाम करणे आणि बॉडी बनवणे यांत फरक आहे, आणि मुलांच्या डोक्यात तोच नसतो. व्यायामात शरीर काय करू शकते हे बघायचे. बॉडीबिल्डिंगमध्ये ते कसे दिसते हे बघायचे. त्यासाठी आधी भरपूर खाऊन फुगायचे, मग उपाशी राहून चरबी उतरवायची, स्पर्धेच्या आधी पाणीसुद्धा तोडायचे. तेरा-चौदाच्या मुलाचे शरीर त्यासाठी तयारच नसते. या वयात सुरुवातीला जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. दंड फुगायला लागणारे संप्रेरक अजून पुरते आलेले नसते. म्हणून मुलगा तीन महिने घाम गाळतो, आरशात बघतो, काही दिसत नाही आणि खट्टू होतो. पावडरवाला नेमका त्याच वेळी भेटतो.

आता अंड्याचे. मी हिशेबच मांडला. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या दोन चांगल्या भाकऱ्यांत १२ ग्रॅमच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, हरभऱ्याच्या उसळीत सहा, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात, घरी लिंबू पिळून केलेल्या ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ. झाले की पन्नासच्या जवळ! अंडे कुठे आले यात? आपल्या जिभेला जरा दम असेल आणि मुलगा वरण टाकून बिस्किटांवर जगत नसेल तर स्वयंपाकघर पुरे पडते. जिमच्या कागदावर मोड आलेले मूग आणि दही एकत्र लिहून दिले होते. मोडाचे आमच्याकडे चालत नाही, आणि कच्च्या दह्याबरोबर कडधान्य म्हणजे द्विदल. तेव्हा उसळ मोड न आणता भिजवून शिजवायची, आणि दूध सकाळी वेगळे. शेंगदाणा जमिनीत येतो म्हणून तो कंदमूळ का, असे एकीने मला विचारले होते. नाही हो, ती शेंग आहे, कंद नाही.

पावडरच्या डब्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण फसगत तिथे होते. व्हे म्हणजे चीज करताना दूध फाटल्यावर उरणारी निवळी; ती वाळवून पावडर करतात. म्हणजे दुधाचेच. पण दूध फाडायला जे रेनेट वापरतात ते पूर्वापार वासराच्या जठरातून काढलेले असते. आता जंतूंपासून केलेलेही मिळते, पण कुठले वापरले ते डब्यावर बहुतेक वेळा लिहिलेले नसते. हिरवा ठिपका बघून आपण निर्धास्त होतो, पण त्या नियमात मध शाकाहारीच धरला जातो, आपल्या मर्यादा त्यात कुठून येणार? गोळ्यांच्या कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे. ओमेगा-३ च्या पिवळ्या गोळ्यांत बहुधा माशाचे तेल. आणि धर्म क्षणभर बाजूला ठेवला तरी, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूत्रांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत असेच सांगितले आहे. कित्येक डब्यांवर अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही असे बारीक अक्षरांत छापलेले असते. चष्मा लावून वाचा.

पावडरीच्या पुढची पायरी इंजेक्शनांची. त्याबद्दल आपण बायका बोलत नाही, पण बोलायला हवे. स्टेरॉइडने दंड लवकर भरतात, हे खरे. त्याचबरोबर चेहऱ्यावर फोड, मुलाच्या छातीला गाठी, यकृत आणि हृदय यांना इजा. आणि ज्या उंचीसाठी आज्जी एवढी काळजी करते ती वजनांनी खुंटत नाही, या औषधांनी मात्र खुंटते, कारण हाडांच्या त्या पट्ट्या वेळेआधी भरून येतात. मुलाचा स्वभाव एकाएकी तापट झाला, पाठ मुरुमांनी भरली, पैसे कशाला हवेत ते सांगेना, तर सरळ विचारा आणि डॉक्टरांकडे न्या.

आम्ही काय केले? संध्याकाळी साडेसातची बॅच नाकारली. व्यायाम करून आला की भूक लागणार, आणि सूर्यास्तानंतर आमच्याकडे चूल नाही. नियम मोडायचा की मुलाला उपाशी झोपवायचे, असा पेच कशाला हवा? सकाळी साडेपाचची वेळ घेतली. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पहिले दोन महिने लोखंडाला हात नाही. बैठका, जोर, बारला लटकणे, पाठ सरळ ठेवून वाकायला शिकणे. त्यानंतर दहा-पंधरा वेळा नीट उचलता येईल एवढेच वजन. एका दमात जास्तीत जास्त किती, ही पैज बंद. आणि सर समोर नसतील तर व्यायाम नाही. घरात डंबेल आणून ठेवले नाहीत. बोटांवर, पावलांवर वजन पडून होणाऱ्या दुखापती घरीच जास्त होतात, आणि धाकटी भावंडे आसपास असतात ती वेगळीच.

देहाचे एवढे कौतुक जैनाच्या घरात कशाला, असे आमच्या नणंदबाईंनी विचारले. मी म्हटले, मोक्षाला जाणाऱ्या जीवाला वज्रवृषभनाराच संहनन लागते असे आपलेच शास्त्र सांगते. दुबळ्या हाडांचे कौतुक आपल्याकडे कधीच नव्हते. कुंभोजच्या डोंगराखाली उभ्या असलेल्या २८ फुटी बाहुबलींकडे बघा. भरताला दृष्टियुद्धात, जलयुद्धात आणि मल्लयुद्धात हरवणारे ते. खांदे केवढे, दंड केवढे! पण पोटावर एकही चौकोन कोरलेला नाही. हे मी धाकट्याला दाखवले तर तो म्हणतो, "आई, त्यांनी पोटाचा व्यायाम केला नसेल." काय बोलणार?

मुलींचे राहिलेच. मुलगी जिमला जाते म्हटले की लग्नाच्या बाजारातली माणसे भुवया उंचावतात. पण हाडांत भर पडायची ती मुख्यतः याच वयात. पुढे चाळिशीनंतर आपण कॅल्शियमच्या गोळ्या खात बसतो. आपल्या सांगलीच्या काजोल सरगरने २०२२ मध्ये पंचकुला इथल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात वजने उचलून सुवर्णपदक आणले, तेही शाळा-कॉलेजच्या वयात. मुलींचे दंड पुरुषांसारखे फुगत नाहीत, तेवढे संप्रेरकच त्यांच्यात नसते. आमच्या थोरल्या जाऊबाईंची लेक आता धाकट्याबरोबर सकाळी जाते. तिचे हिमोग्लोबिन आधी तपासून घेतले. कमी असेल तर पहिले काम ते.

आणि भाद्रपदात दशलक्षणाचे दहा दिवस वजनांना सुट्टी. एकाशन किंवा उपवास असेल त्या दिवशी मंदिरापर्यंत चालत जायचे, बस. चतुर्दशीनंतरही पहिले दोन-तीन दिवस निम्म्या वजनाने सुरुवात करायची, असे सरांना मी आधीच सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, "बरं काकू." अंड्याचा विषय पुन्हा त्यांनी काढलेला नाही.