पाण्याला सातबारा नसतो

नवी मुंबईत राहून बेट पाहायला निघालो आहोत असे सांगितले, की शेजारी हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे अंदमान असते. माझ्या डोळ्यांपुढे उरण! १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात करंजा, म्हणजेच उरण, हे बेट म्हणूनच नोंदलेले आहे. पुढे खाड्या गाळाने नि भरावाने बुजल्या, रस्ते आले, आणि आपण मुख्य भूमीला केव्हा चिकटलो, ते बेटालाही कळले नाही.

रविवारी पहाटे नेरूळहून स्कूटर काढली. मागे सौभाग्यवती, त्यांच्या मांडीवर पोह्यांचा डबा. मुंबईकरांसाठी १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झाला. पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. आमच्यासारख्यांना जुनाच रस्ता बरा. कोळीवाडे गल्लीबोळांत असतात, आणि गल्लीबोळ हे स्कूटरचे माहेर!

बेलापूरजवळ पहिला मुक्काम दिवाळे. नावावर जाऊ नका. धक्क्यावरचा व्यवहार चोख आणि रोखीचा. टोपल्यांत बोंबील, कोळंबी, चिंबोऱ्या. "वैनी, हात लावून बघा, जित्ती हाय!" म्हणत एका मावशींनी चिंबोरी पुढे केली, तेव्हा आमच्या वैनी दोन पावले मागे सरल्या.

उलव्यावरून जासईला आलो, की स्कूटर आपोआप मंदावते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. त्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये इथे आंदोलन पेटले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. पण तो जमिनीचा. ज्यांचे शेत पाण्यात, त्यांचे काय?

त्याचे उत्तर उरणच्या हनुमान कोळीवाड्यात मिळते. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठवून इथे वसवला. घरे मिळाली, आणि घरांना वाळवी लागली. पुन्हा दुसरीकडे वसवा, म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या केल्या. ओट्यावर जाळे विणीत बसलेल्या एका आजोबांना मी वाळवीचे विचारले. सुई न थांबवता ते म्हणाले, "मास्तर, घर दुसरा बांधता येल. दर्या कुठून आनाचा?"

सातबाऱ्यावर गुंठा बसतो, आंबा बसतो, विहीरही बसते. भरती-ओहोटी बसत नाही. मोबदल्याची भाषा जमिनीवर घडली, म्हणून ती पाण्याशी बोलताना अडखळते. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या खटल्यात २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचा हक्क मानला, तेव्हा कोठे ती भाषा थोडी ओली झाली.

उन्हे चढल्यावर द्रोणागिरीच्या पायथ्याशी करंजाला पोहोचलो. होड्या निवांत डुलत होत्या. तिथी अष्टमी, म्हणजे भांग. डोल जाळे खुंटांना बांधून प्रवाहात तोंड उघडे ठेवायचे असते. मासळी आणून द्यायची ती वाहत्या पाण्यानेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी धावते, अष्टमीला मंदावते. मग कोळी जाळी दुरुस्त करतो आणि वाट पाहतो. त्याचे पंचांग भिंतीवर नाही, खाडीत आहे. भराव घालून किंवा खांब रोवून तिचा प्रवाह बदलला, तर त्याच्या पंचांगाची पानेच फाटली म्हणायची!

या दिवाळीत पाहुणे आले, तर त्यांना मॉल दाखवण्याआधी एकदा करंजाला न्या. पण तिथी पाहून. उधाणाला गेलात, तर या बेटाच्या जमिनीइतकेच त्याचे पाणीही कोणाचे तरी आहे, हे न सांगता समजेल.