दुसऱ्याच्या प्रारब्धाचा हिशेब

करावं तसं भरावं, या जन्मी नाही तर पुढच्या, हे मी लहानपणापासून मानत आलो. ते चूक आहे असं आजही म्हणत नाही. पण त्याचा मी काय उपयोग केला, ते सांगायला हवं.

वडगाव मावळजवळ आमची भातशेती आहे. लावणीला कातकरी वाडीतली माणसं येतात. पावसाळ्याआधी त्यांना उचल द्यायची, वहीत मांडायची आणि मजुरीतून वळती करायची, ही घरची रीत. एकदा वाडीतली एक बाई आजारी मुलासाठी आणखी पैसे मागायला आली. आधीची उचल फिटली नव्हती. मी नाही म्हणालो. ती गेल्यावर घरात म्हणालो, ‘‘भोग असतात एकेकाचे.’’ त्या वाक्यात दया आहे, असं मला वाटत होतं. नव्हती. माझ्या कद्रूपणाला मी धर्माचं नाव दिलं होतं.

माघ शुद्ध दशमीला, तुकोबांच्या अनुग्रहदिनी, मी भंडारा डोंगरावर जातो. त्या वर्षी कीर्तनात कर्जखतांची कथा निघाली. तुकोबांच्या घराण्यात महाजनकी. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेले. पुढे धाकट्या भावाला, कान्होबाला, अर्धी खतं देऊन आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. कथा मला पाठ होती. पण आजवर मी ती तुकोबांच्या वैराग्याची म्हणून ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मनात देणेकरी आले. दुष्काळानं तेही नागवलेच होते. प्रारब्ध तुकोबाही मानत. तरी ‘त्यांचे भोग’ म्हणून त्यांनी खतं जपून ठेवली नाहीत. देणेकऱ्यांनी मागच्या जन्मी काय केलं असेल, हा प्रश्नच त्यांनी काढला नाही. आपल्या हातात काय आहे, तेवढं पाहिलं. त्यांच्या हातात खतं होती. माझ्या हातात वही होती. मला मंडपात बसवेना.

घरी येऊन ‘गीतारहस्य’ पुन्हा काढलं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, 1915 साली छापलेल्या या ग्रंथात टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला आहे. मागच्या कर्माचा जोर मानूनही माणूस प्रयत्नाला मोकळा राहतो. मी जोर तेवढा उचलला होता, तोही दुसऱ्याला लावायला.

त्या बाईला तेव्हा दुसऱ्या कुणीतरी पैसे दिले, मूल वाचलं. त्यात माझा काही वाटा नाही. नंतर मी तिच्या नावावरची बाकी खोडली, पण त्यानं तो नकार खोडला जात नाही.

पुनर्जन्मावरची माझी श्रद्धा टिकून आहे. माझं दुखणं सोसताना प्रारब्धाचा आधार मी घेतो. दुसऱ्याच्या दुखण्यापुढे तो शब्द उच्चारायचा मला अधिकार नाही. तिथे माझ्यापुरतं फक्त कर्तव्य उरतं. त्या बाईचं मागच्या जन्मीचं कर्म मला दिसत नव्हतं. माझं मात्र त्याच क्षणी, माझ्याच दारात घडत होतं. पुढच्या जन्मी जाब द्यावा लागला, तर तो तिच्या गरिबीचा नसेल, माझ्या नकाराचा असेल.