खाऱ्या वाऱ्यातला सर्व्हर

‘एसी कितीचा लागेल?’ घरात फाइल सर्व्हर बसवून घेणाऱ्यांचा हा पहिला प्रश्न. बोईसर-तारापूरपासून खाली केळवे, एडवण, दातिवऱ्यापर्यंतचा किनारा माझ्या कामाचा. माझं उत्तर ठरलेलं असतं : एसी नको. किनाऱ्यावर यंत्राला उकाडा मारत नाही, ओलं मीठ मारतं. हे एकदा पटलं की पेटी कुठे ठेवायची, पंखे कोणते लावायचे, ती कधी बंद करायची, हे सगळं ओघानेच ठरत जातं. शिवाय जी पेटी मिठापासून वाचते, तीच आवाजही कमी करते.

फाइल सर्व्हर म्हणजे काही अवाढव्य प्रकरण नाही. कमी वीज खाणारा एक मदरबोर्ड, त्याला जोडलेल्या दोन ते चार हार्ड डिस्क, ट्रूनॅस किंवा ओपन मीडिया व्हॉल्टसारखी फुकट मिळणारी प्रणाली आणि घरच्या राउटरला जाणारी केबल. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप आपापल्या फाइली त्यात ठेवतात. एडवणसारख्या गावात याचा उपयोग शहरापेक्षा जास्त. मुलं विरार-मुंबईला, एखादा परदेशात. आणि घरात लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट, जत्रेचे फोटो, आजीच्या आवाजातली लग्नगीतं, सातबारे नि फेरफार. हे सगळं एका ठिकाणी आलं की ‘तो कागद कोणाकडे आहे’ ही भाऊबंदांतली शोधाशोध थांबते.

आधी उकाड्याचं बघू. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा साधारण ३३ ते ३५ अंशांत फिरतो; विदर्भासारखी होरपळ समुद्र होऊ देत नाही. अशा सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कना कंपन्या ६० अंशांपर्यंत तरी मुभा देतात. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क गरम झाली की लवकर मरते, या समजाला त्यात फारसा आधार मिळाला नाही. फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कमध्ये तेवढा फरक दिसला. मी स्वतः ४५ अंशांची रेघ ओढून घेतली आहे. तिच्या आत डिस्क राहिली की पुढे तिला थंड करण्यासाठी धडपड करत नाही.

उष्णता काढणं अवघड नसतं, किती काढायची ते माहीत हवं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वाफ निववायला समुद्राचं पाणी घेतं, कारण तिथला हिशेब मेगावॉटचा. आपल्या पेटीत चार डिस्क आणि बोर्ड मिळून चाळीसेक वॉट. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला साधारण १,२०० ज्यूल लागतात. पेटीत शिरलेली हवा पाच अंशांनी तापून बाहेर पडू दिली, तर ४० वॉटसाठी सेकंदाला साडेसहा-सात लिटर हवा पुरते. १२० मिलिमीटरचा पंखा रमतगमत फिरला तरी एवढी हवा देतो.

शांततेचं गणितही इथेच सुटतं. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एकाचे दोन पंखे केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले तर हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. मग उरते डिस्कची घरघर. ती कमी करायची तर मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क घ्यावी, डिस्कच्या स्क्रूखाली रबरी वॉशर आणि पेटीखाली रबरी चकत्या घालाव्यात. पोकळ फळीच्या कपाटावर पेटी ठेवली की फळीच गुणगुणायला लागते. एडवणला रात्री सुरूच्या झाडांतला वारा नि भरतीची गाज सोडली तर दुसरा आवाज नसतो. मुंबईच्या घरात कोणाच्या लक्षातही न येणारी घरघर इथे ओटीपर्यंत ऐकू येते.

आता मिठाकडे येऊ. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधल्या दहा लाखांहून जास्त डिस्कचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तापमानापेक्षा दमटपणाचा फटका मोठा निघाला; आणि दमट जागी बिघाड वाढले ते मुख्यतः कंट्रोलर आणि जोडण्यांचे. तिथे नुसता दमटपणा होता, आमच्याकडे त्यात खारा वारा. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा खडा हवेतलं पाणी ओढून विरघळतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते त्यामुळेच. बोर्डावर बसलेला कण असाच विरघळला की वीज वाहून नेणारं द्रावण तयार होतं आणि तांबं झिजू लागतं.

यावरचा इलाज पेटीतच आहे. जुलैत बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता आहे असं धरा. हीच हवा पेटीत पाच अंशांनी तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते. आपण उष्णता काढायच्या मागे लागतो. इथे तीच ऊब बोर्ड कोरडा ठेवते. पंखे जोरात फिरवून ती घालवली तर आवाजही वाढतो आणि ओलही.

एसीचं उलटं होतं. वर सांगितलेल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास आहे. खोली २३-२४ अंशांवर गार केली, तेवढ्यात वीज गेली आणि कोणी खिडकी उघडली, की बाहेरची हवा गार पत्र्यावर पाणी सोडते. रात्रंदिवस एसी चालवणाऱ्या डेटा सेंटरची गोष्ट वेगळी. घरी तो चालू-बंद होणारच.

अर्थात नुसत्या उबेवर भागत नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. तेव्हा मीठ आत येऊच नये हे बरं. दिवसा समुद्रावरून खारे वारे वाहतात, म्हणून पेटी पश्चिमेच्या खिडकीत किंवा पडवीत नको. माजघरात आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून हातभर वर ठेवावी. कौलांखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी होतो, तोही नको. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. आत येण्याच्या तोंडावर धुता येणारी जाळी हवी. ती धूळ नि मिठाचे जाडे कण अडवते, शिवाय पाली आणि मुंग्याही. उबदार पेटी पालींना फार आवडते.

समुद्राकडच्या खिडकीखाली राहिलेला एक बोर्ड मी एडवणलाच उघडला होता. साटा केबलचं टोक ओढलं तर सोनेरी पट्ट्यांच्या कडेने हिरवट खरपुडी आली होती; अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर पांढरी भुकटी, आणि स्क्रूच्या डोक्यावर तांबूस गंज. डिस्कला काहीच झालं नव्हतं, पण फाइली मध्येच अडकत होत्या. डिस्कच्या स्मार्ट नोंदीत बहुधा १९९ क्रमांकावर जोडणीतल्या चुकांची मोजणी असते. ती वाढू लागली की आधी केबल बदलावी, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. ५ क्रमांकाचा आकडा खराब झालेल्या जागांचा. तो वाढू लागला की नव्या डिस्कचे पैसे बाजूला काढावेत.

उकाड्याने खरोखर मरते ती यूपीएसची बॅटरी. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून यूपीएस पेटीला चिकटवून ठेवू नये, घरातला गारव्याचा कोपरा त्याला द्यावा. यूएसबी केबलने तो सर्व्हरशी जोडला की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. तौक्तेसारखं वादळ आलं, तर वीज तासाभरात येईल असं कोणी धरून चालू नये.

एडवणच्या एका काकूंनी विचारलं, “अरे, हे रात्रंदिवस चालूच? मीटर किती पळेल?” म्हटलं, “काकू, दिवसाला एक युनिट.” “मग पावसात तरी बंद ठेवते.” नेमकं तेच करू नये. मे महिन्यात गावाला जाताना हवं तर बंद करा. जून ते सप्टेंबर मात्र पेटी चालू हवी, कारण बंद पेटी खोलीइतकीच थंड आणि खोलीइतकीच ओली होते. फार दिवस बंद ठेवणं भागच असेल, तर डिस्क काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

आणि इतकं करूनही डिस्क एक दिवस जाणारच. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला तरी दोन्ही डिस्क एकाच माजघरात, एकाच खाऱ्या हवेत असतात. म्हणून पेटीचे पैसे ठरवताना आणखी एका डिस्कचे धरा. सगळ्याची एक प्रत तिच्यावर उतरवून ती पुण्या-नाशिकच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि दर दिवाळीला ते घरी आले की ताजी करून परत पाठवा.