परदेशी घर, मराठी उंबरठा

भाषाविज्ञान शिकवीत असल्याने परदेशी स्थायिक होऊ पाहणारे माजी विद्यार्थी मला नेहमी विचारतात : मुलांशी कोणत्या भाषेत बोलावे? माझ्या मते याचे उत्तर आपल्या पुसद परिसरातच आहे. येथील बंजारा तांड्यांवरची मुले घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात प्रमाण मराठी सहज बोलतात; एक भाषा दुसरीला हुसकावून लावत नाही. १९४८ नंतर इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायली समाजाने हिब्रू आत्मसात केली आणि तेथेच ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालवले. म्हणून नव्या देशाची भाषा आपण बाजारात, शेजारात अवश्य शिकावी. मुलांना ती शाळा देईलच. आजीशी बोलण्याची भाषा मात्र त्यांना आपल्यावाचून कोण देणार?