दुसऱ्याच्या श्वासावर

फुप्फुसांचे फोटो पाहून डॉक्टरांनी पाण्याखाली जायला कायमची मनाई केली. मित्रांनी समजूत घातली, 'तुझा छंद तर टेबलावरचा. जुने रेग्युलेटर गोळा करायला फुप्फुसं कशाला लागतात?' लागतात, मला तरी लागतात. दुहेरी नळीचा रेग्युलेटर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. क्रोम चकचकीत, लेबल शाबूत, म्हणजे माल अस्सल, असं मानणारे इकडे दक्षिण कॅलिफोर्नियात पैशाला पासरी आहेत. लिलावात वाटेल ते मोजायचं, पितळेवर नव्याने क्रोम चढवून घ्यायचं आणि काचेच्या कपाटात ठेवायचं. त्यांना मी आजवर 'शोकेसवाले' म्हणत आलो. आता माझंही तेच व्हायची वेळ आली.

माझं घोडं कायम एकाच जागी अडतं, लिव्हरच्या उंचीपाशी. यू. एस. डायव्हर्सच्या डीए ॲक्वामास्टरच्या क्लिपा काढल्या, झाकण आणि डायफ्रॅम उचलला की ती दिसते. केसभर वर राहिली तर झाकण बसवताच हवा सुसाट सुटते. केसभर खाली राहिली तर श्वास ओढताना आधी काहीच येत नाही, मग एकदम घशात येतं. टेबलावर दाब मोजायच्या पाण्याच्या नळीला जोडून हे जमवता येतं. हलक्या ओढीला झडप उघडली की मीही खूश होतो. पण पाण्यात पालथं पोहायला लागलं की यंत्र पाठीवर, फुप्फुसं त्याच्या वीतभर खाली. डायफ्रॅमवर पाण्याचा दाब कमी, छातीवर जास्त. त्या वीतभर पाण्याची किंमत प्रत्येक श्वासाला मोजावी लागते. उताणं झालं की उलटा प्रकार, न मागता तोंडात हवा ढकलली जाते. लिव्हर कितीही जमवा, हे मिटत नाही, फक्त झाकलं जातं. ते किती आणि कुठे झाकायचं, यातच माझं निम्मं आयुष्य गेलं.

हे दुखणं या यंत्राच्या जन्माइतकंच जुनं आहे. एमिल गान्यां हा एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायची वेळ आली, तेव्हा त्याने त्यासाठी झडप तयार केली होती. तीच सुधारून त्याने आणि कूस्तोने १९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी घेतली. आडवं असताना ठीक, उभं राहिलं की हवा वाया, डोकं खाली केलं की श्वास जड. कारण निघालं ते एवढंच, की उच्छ्वास बाहेर पडायची जागा हवा येण्याच्या जागेपेक्षा वर होती. दोन्ही शेजारी आणल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये बांदोलच्या किनाऱ्यावर कूस्तो मनसोक्त फिरला. तोंडातून सुटलेली हवा पुन्हा पाठीमागे नेऊन, डायफ्रॅमला खेटून बसलेल्या डकबिल नावाच्या रबरी झडपेतून सोडायची, ही युक्ती मला आजही थक्क करते. मात्र पाठ ते छाती हे अंतर तिने मिटवलं नाही. ते मिटवलं मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने, १९५२ मध्ये, एकेरी नळीच्या पॉरपॉइजने. हवेचा दाब उतरवणारा दुसरा टप्पा सरळ तोंडापाशी आणला. पुढे त्याची कंपनी एअर लिक्विडनेच विकत घेतली. आज जग त्याच्याच वाटेने श्वास घेतं, आणि योग्यच करतं. मला ते आवडत नाही, एवढंच.

आवडत नाही याचं एक कारण सांगायला लाज वाटते. कॅटलिना बेटावर कसिनो पॉइंटच्या पायऱ्यांवर मी पाण्यात शिरण्याआधी उगाच पाठ करून उभा राहत असे, लेबल दिसावं म्हणून. तरुण पोरं भोवती जमत, फोटो काढत. पाण्याखाली बुडबुडे चेहऱ्यासमोरून न जाता डोक्यामागून निघतात, कान शांत राहतात, मासे बुजत नाहीत, हे सगळं खरंच. पण त्या पायऱ्यांवरचं सुख वेगळं होतं.

आता माझ्या वतीने भाची पाण्यात जाते. लाँग बीचला शिकते, डायव्हिंग माझ्याहून सफाईदार. माउथपीस सुटून नळ्यांत पाणी शिरलं की डाव्या कुशीवर वळायचं, हे तिला एकदाच सांगावं लागलं. शिकवता येत नव्हतं ते श्वासाबद्दल बोलायला. पहिल्यांदा वर आली तेव्हा विचारलं, "कसा आहे?"

"छान आहे, मामा."

छानवर लिव्हर कशी हलवू? मग हळूहळू बोलायला लागली. "पहिल्या घोटाला अडखळतो. एकदा उघडला की देतच राहतो. बंद व्हायला जरा उशीर करतो." हे ला स्पिरोटेक्निकच्या मिस्ट्रलबद्दल, १९५५ च्या एका टप्प्याच्या मॉडेलबद्दल. त्यातली हवा नळीच्या दिशेने फवारल्यासारखी सुटते, म्हणून तो देतच राहतो. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझ्या वहीत प्रत्येक रेग्युलेटरपुढे शेरा आहे, नंबर आहे. रॉयल ॲक्वामास्टर पहिला, मिस्ट्रल बराच खाली. भाचीचा क्रम वेगळा. ती अंगाने लहान, पाठ आखूड. टँक तिच्या पाठीवर वेगळ्या उंचीवर बसतो, डायफ्रॅम वेगळ्या जागी येतो. पाठ ते छाती हे अंतरसुद्धा तिचं कमी. म्हणजे वहीतले शेरे रेग्युलेटरचे कमी आणि माझ्या धडाचेच जास्त. हे कळलं तेव्हा बराच वेळ ती वही कपाटातून काढावीशी वाटेना. शोकेसवाल्यांना निदान क्रोमची चमक तरी सारखीच दिसते.

जुन्या रबराला चिरा गेल्या की सिलिकोनचं डकबिल घालावं, यावर आमचं एकमत आहे. मूळ रबर सांभाळून ठेवणारे शुद्धिवादी ते पाण्यात नेतच नाहीत, त्यांचं सोडा. मिस्ट्रलवर मात्र तिचा जीव जडलाय. क्रोम उडालेला, कडेला हिरवट डाग, तरी म्हणते, "हाच मला द्या." दिला. तिच्या सांगण्याप्रमाणे लिव्हर किंचित वर घेतली, पहिल्या घोटाची अडखळ गेली.

रॉयल तिने तिसऱ्या नंबरावर टाकलाय. ते मला मान्य नाही. या शनिवारी टँक दोन इंच खाली बांधून तिला तो पुन्हा ओढायला लावणार आहे.