उंदीर उचलण्याची रीत

पाच मिनिटांची चाचणी असते. अधिकच्या चिन्हासारखा आडवा चौक, जमिनीपासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर उंच. समोरासमोरच्या दोन भुजांना भिंती, उरलेल्या दोन उघड्या. याला आम्ही प्लस मेझ म्हणतो. पांढऱ्या उंदराला मधोमध ठेवायचं आणि तो कुठे किती वेळ काढतो ते मोजायचं. उघड्यावर उंची असते, आडोसा नसतो, मिशा टेकवायला भिंत नसते. म्हणून तिथे जाणं त्याला नको असतं. पण नवी जागा धुंडाळल्याशिवायही त्याला राहवत नाही. ही ओढाताणच आम्ही मोजतो. डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाचा बेताचा डोस दिला की उघड्या भुजांवरचा वेळ वाढतो. घुशीएवढ्या मोठ्या उंदरांवर ही चाचणी १९८५ मध्ये पारखली गेली. १९८७ मध्ये संशोधक लिस्टर यांनी ती लहान उंदरांसाठी बसवली. आज खानदेशातल्या फार्मसी कॉलेजांतही एम. फार्म.चे विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या वनस्पतीचा अर्क देऊन याच चौकाशी स्टॉपवॉच धरून बसतात.

मी वरणगावचा, आणि फार्माकॉलॉजी शिकवतो. आमचे नाना तिथल्या दारूगोळा कारखान्यात होते. मी काय करतो ते एकदा नीट ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "अरे, पण तो भ्याला हे तुला कसं कळतं?"

प्रश्न बरोबर होता. मला कळतात ते सेकंद. उंदीर भिंतीच्या टोकाशी येतो, मागचे पाय आतच ठेवून अंग लांबवतो, नाक उघड्यावर काढून हुंगतो आणि झटक्यात मागे सरतो. परत येतो, परत लांबतो. हे अंग लांबवणं मला भुजेवरच्या सेकंदांपेक्षाही जास्त बोलकं वाटतं, कारण त्यात त्याचा निर्णय घडताना दिसतो. तरी वहीत लिहायचं ते एवढंच: अमुक वेळा लांबला, अमुक सेकंद आत होता. 'भित्रा उंदीर' असं लिहिलं की शास्त्र संपलं.

शिवाय तो आत बसला यामागे भीतीच असेल असंही नाही. भुसावळ-वरणगावकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. ॲनिमल हाऊसची हवा बिघडली तर उंदीर नुसता पसरून राहतो. डोस जास्त झाला तर सुस्त होतो. म्हणून बंद भुजांमधल्या फेऱ्याही मोजाव्या लागतात. त्या कमी झाल्या असतील तर प्रश्न हालचालीचा आहे, चिंतेचा नाही. आणि एकदा हा चौक पाहिलेल्या उंदरावर दुसऱ्यांदा डायझेपामसारख्या औषधांचा तो परिणाम सहसा दिसत नाही, हेही १९९० पासून माहीत आहे. जुना उंदीर पुन्हा वापरून चालत नाही.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट हाताची. पिढ्यान्‌पिढ्या उंदीर शेपटीने उचलायला शिकवलं गेलं. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या हर्स्ट आणि वेस्ट या संशोधकांनी दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर माणसाचा हात टाळतात आणि प्लस मेझवर जास्त चिंतातुर वागतात. तेच उंदीर ओंजळीत घेतले, किंवा पिंजऱ्यातल्या नळीत शिरू देऊन नळीसकट उचलले, तर आपणहून हाताजवळ येतात. म्हणजे कित्येक प्रयोगांत औषधाच्या आधी आपला हातच मोजला जात होता. २०१४ मध्ये कॅनडातल्या मोगिल यांच्या प्रयोगशाळेने त्याहून चकित करणारी गोष्ट मांडली: पुरुष जवळ असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला, तरी उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते.

नानांना यात काही नवल वाटलं नाही. काडेपेटी कारखान्याच्या गेटवर काढून ठेवल्याशिवाय ते कधी आत गेले नव्हते. आमच्या चाचणीच्या खोलीलाही तसंच गेट हवं: अत्तर नको, वासाचं तेल नको, फोनची घंटी नको.

भीतीची दुसरी चाचणी थोडक्यात सांगतो. एक स्वर ऐकवून पायाला हलका विजेचा झटका देतात. दुसऱ्या दिवशी नुसता स्वर ऐकला तरी उंदीर थिजतो, फक्त श्वास चालू राहतो. पुढे झटक्याविना तोच स्वर पुन्हा पुन्हा ऐकवला की थिजणं कमी होत जातं. माणसांच्या भयगंडावरच्या एका उपचारपद्धतीला याचा आधार आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) विदिता वैद्य यांनी बालपणीच्या ताणाचा मोठेपणीच्या चिंतेशी असलेला संबंध उंदरांच्याच मेंदूत शोधला. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. एवढं मोठं ज्ञान शेवटी उंदराच्या वागण्याच्या चोख नोंदीवर उभं असतं.

प्रयोग संपल्यावर यांतले बहुतेक उंदीर वेदना न होऊ देता मारले जातात. एथिक्स कमिटीची परवानगी घेतली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं मी मानत नाही. चुकीच्या हाताळणीने रीडिंग बिघडलं तर तो जीव फुकट गेला.

म्हणून एम. फार्म.च्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. प्रबंधात उंदराचं वय, वजन, डोस लिहिता. त्याच पानावर तो कसा उचलला, कोणी उचलला आणि चाचणीआधी किती दिवस हाताची सवय केली, तेही लिहा.