कॉफीच्या मुलखात : दैनंदिनी, हप्ता पहिला

रविवार, बिरूर

गाडी मिरजेहूनच पावणेदोन तास उशिरा निघाली. बिरूरला उतरले तोवर चिकमगळूरची शेवटची बस गेलेली. खोली ७००, जेवण ११०, हमाल ५०, कॉफी १५. कॉफीत चिकोरीचाच वास जास्त. उजवा गुडघा ठणकतोय. बाकी उद्या.

सोमवार, चिकमगळूर

संक्रांत. बस ७०, खोली ९००, जीपमधली जागा ३००, कॉफी २०. गरम पाणी नाही. गुडघा तसाच.

सकाळी घरमालकिणीने हातावर एळ्ळु-बेल्ला ठेवलं. तीळ, भाजलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक तुकडे, सगळं कोरडं, मोकळं. उभ्याउभ्याच खाल्लं, कारण जीप निघत होती.

बाबाबुडनगिरीची वाट. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून इथे लावल्या, अशी कथा आहे. मला मात्र झाडांनी थांबवलं. ब्राझीलमध्ये कॉफी बहुतेक ठिकाणी उघड्या उन्हात, ओळीने लावतात. इथे ती मोठ्या झाडांखाली वाढते. खाली कॉफी, तिच्या डोक्यावर पांगारा, त्याच्याही वर उंबर, फणस, शिसव. पांगारा मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीला देतो, पाचोळ्याचं खत होतं, आणि पावसाळ्यात उतारावरची माती धरून ठेवली जाते. हे सगळं फुकट मिळतं, म्हणूनच बहुधा कुणाच्या हिशेबात येत नाही. वळणापलीकडच्या मळ्यात वर फक्त सिल्व्हर ओकच्या सरळ रांगा होत्या आणि त्यांच्यावर मिरीचे वेल. तिथे थेट जमिनीवर ऊन पडलं होतं. ड्रायव्हरला विचारलं, जुनी झाडं कुठे गेली? त्याने खांदे उडवले.

मंगळवार, बाळेहोन्नूर

बस तासभर उशिरा, भाडं ६५. कॉफी १५. आंघोळ गार पाण्यानेच.

भद्रेकाठच्या या गावात १९२५ साली म्हैसूर संस्थानाने कॉफीचं संशोधन केंद्र काढलं. आज ती केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे. तांबेऱ्याला तोंड देणारी अरॅबिका कॉफीची काही वाणं इथे निघाली. तांबेऱ्यावर अजूनही बोर्डो मिश्रण मारतात, आपल्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांना ते सांगायला नको.

पण अरॅबिकाचा खरा वैरी पांढरा खोडकिडा. भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो, अळी लाकूड पोखरत आत शिरते, झाड पिवळं पडतं. मग उपटून जाळण्यावाचून इलाज नाही. पूर्वी खोडावर लिंडेन मारत, त्यावर आता बंदी आहे. जवळच्या मळ्यात एका बाईने मला आजचा उपाय करून दाखवला. हातात काथ्याचा मोजा घालून तिने खोड वरून खाली घासलं. सुटी साल भुग्यासारखी गळली आणि खाली गुळगुळीत तपकिरी खोड उघडं पडलं. भेग नाही तर अंडी घालायला जागा नाही. एका झाडाला दोन मिनिटंही लागली नाहीत, पण मळ्यात झाडं हजारोंनी. मी मोजा मागून घेतला, तीन झाडांतच तळवा पेटला.

आणखी एक गोष्ट तिथल्या सगळ्यांनी सांगितली. हा भुंगेरा उन्हाला येतो. सावली विरळ झाली की आधी तिथेच लागण. म्हणजे वर उंबर राखला तर खाली औषधाचा खर्च वाचतो.

आपल्याकडे मेळघाटात, चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी आहे, इंग्रजांच्या काळापासूनची. तिथे कधी तरी हा मोजा घेऊन जायला हवं.

बुधवार, मुडिगेरे ते सकलेशपूर

बस दीड तास उशिरा, मग वाटेत पंक्चर. भाडं ९०. जेवण १००. खोली ८००. गुडघ्याला पट्टा, ३२०. दिवस वाया गेला. चिडचिड.

गुरुवार, सकलेशपूरजवळचा एक मळा

रात्रीचे साडेदहा. अंगाला आंबट वास येतोय, पण लिहून टाकते.

संध्याकाळी पाचला पोती आली. बायकांनी तोडलेली लाल फळं काट्यावर मोजली गेली, रायटरने, म्हणजे मळ्याच्या कारकुनाने, वहीत आकडे मांडले. मग फळं हौदात. पोकळ फळं वर तरंगतात, ती वेगळी काढतात. बाकीची पल्परमध्ये. एका तोंडातून साली, दुसऱ्यातून बुळबुळीत बिया. बोटांत धरली की बी निसटून जाते. हा गोड बुळबुळीतपणा काढण्यातच बरंच पाणी खर्च होतं.

जुनी पद्धत अशी की बिया दीड दिवस टाकीत आंबवायच्या, पुन्हापुन्हा धुवायच्या आणि ते पाणी ओढ्यात सोडायचं. त्यात साखर असते, आम्ल असतं. ते कुजताना ओढ्यातला प्राणवायू संपतो. "काळं पाणी जायचं, मासे उलटे पडायचे," रायटर म्हणाला. तो याच मळ्याच्या मजूर-लाईनीत जन्मला, ते मासे त्याने पोरपणी गोळा केलेत.

आता इथे बुळबुळीतपणा घासून काढणारं यंत्र आहे. ते थोडक्या पाण्यात भागवतं, शिवाय तेच पाणी फिरवून वापरतात. शेवटी उरतं ते खड्ड्यांत. आधी चुना घालून आम्लता मारायची, मग हवाबंद टाकी, मग उघडं तळं, त्यात पाणी ढवळत ठेवायचं. सालींचा ढीग शेणात मिसळून रचलाय. हात आत घातला तर चटका बसला. काही महिन्यांत तेच खत पुन्हा कॉफीखाली जाईल. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो कॉफी मिळते, उरलेलं सारं कुठे जातं हे पाहिल्याशिवाय कुणी कॉफीला स्वच्छ म्हणू नये.

यंत्र, टाक्या, तळी हे मोठ्या मळ्याचं काम झालं. भारतातले बहुतांश कॉफीवाले लहान शेतकरी आहेत. त्यातले पुष्कळ जण फळ आहे तसं अंगणात वाळवतात. त्याला पाणीच लागत नाही, पण धुतलेल्या अरॅबिकाचा भाव मिळत नाही. आंध्रातल्या अराकूच्या खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची फळं गोळा करून एकत्र प्रक्रिया होते. इथे दहा शेतकऱ्यांत एक यंत्र आणि एक तळं का होऊ नये? रायटरलाही पटलं. जागा कुणाची द्यायची, एवढंच म्हणाला.

शुक्रवार, सोमवारपेट

पाऊस, अवेळी. वाळत घातलेल्या कॉफीवर ताडपत्र्या ओढायला सगळे धावले, मीही. भाडं ११०. खोली ८५०.

शनिवार, कोडगूत विराजपेटजवळ

आज जेवणाबद्दल लिहायचंच आहे. ज्यांच्याकडे उतरले ते आजोबा ऐंशीच्या घरातले. सुनेने "अक्का, बसा" म्हणून पानावर अक्की ओट्टी वाढली, तांदळाची, मऊ, कडेला किंचित करपलेली. सोबत लाल भोपळ्याची भाजी आणि डुकराचं काळं मटण. त्यातला आंबटपणा कचंपुळीचा. कोकमाच्या जातीच्या एका रानफळाचा रस आटवून तो दाट, काळा होईतो करतात. मिरी घरची, फणसावर चढवलेल्या वेलाची. शेवटी कोडगूची संत्री आणि गुळाची काळी कॉफी. ताटातलं तांदूळ, भोपळा आणि मटण सोडून जवळजवळ सगळं कॉफीच्या सावलीतून आलेलं. कॉफीचा भाव पडला त्या वर्षी मिरीने घर चालवलं, आजोबा म्हणाले.

जेवण झाल्यावर आजोबांनी बांधावर नेलं. तीन माणसांच्या कवेत न मावणारा उंबर. शेजारच्या मळ्यात मात्र सगळा सिल्व्हर ओक. कारण त्यांनी तोडक्यामोडक्या हिंदीत समजावलं. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आलेला. तो तोडायला परवानगीची कटकट नाही, भरभर वाढतो, लाकूड विकता येतं. शिसव, नंदी, मत्ती तोडायला परवानगी लागते, आणि कोडगूतल्या पुष्कळ जमिनींवर जुन्या झाडांच्या लाकडावर हक्कच सरकारचा. मग ज्याचं लाकूड आपलं नाही ते झाड कोण लावणार? जंगल वाचवायला केलेल्या नियमानेच मळ्यांतलं जंगल ओसरतंय. मला याचा फार राग आला.

त्यात रोबस्टा जातीच्या कॉफीचा भाव चढलाय. रोबस्टाला सावली कमी चालते आणि फुलोऱ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये स्प्रिंकलर लावतात. ते पाणी तळ्यांतून आणि ओढ्यांतून येतं, आणि इथले बहुतेक ओढे कावेरीचे. युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला, २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी घेणार नाही. भारताची बहुतेक कॉफी बाहेरच जाते, तेव्हा आजोबांच्या मुलाला जमिनीचा नकाशा काढावा लागणार. तो काढेल. पण त्या कायद्याच्या लेखी कॉफीचा मळा म्हणजे शेतीच. आजोबांनी उद्या उंबर पाडून सिल्व्हर ओक लावला तरी कागद हिरवाच राहील.

रविवार, मडिकेरी

दिवसभर झोप. सुनेने बांधून दिलेली संत्री संपली. उद्या कुशालनगर, कॉफी साफ करून प्रतवारी लावणाऱ्या कारखान्यात. तिथे खरेदीदार भेटतील. एकच विचारायचं आहे: उंबराखालच्या कॉफीला किलोमागे किती जास्त देता?